हाड नसलेला अंगठा

काराजार, १४ डिसेंबर २००६

ओस्मोन आके, सलाम!

तुमची मोज्यांची जोडी चुलीमागे राहिली. धुऊन वाळवून बेरदीच्या टॅक्सीतून पाठवते आहे, त्यातच हे पत्र. दुकानातल्या फोनवरून बोलले असते, पण तिथे एक जण बोलतो आणि सगळं गाव ऐकतं. आणि हे गावाने ऐकायचं नाही.

आके, थोरल्या भावासारखे म्हणून तुम्हाला लिहिते, मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. शेजारच्या बाक्तीलाही नाही! माझ्या पोटात काही राहत नाही हे काराजारचं शेंबडं पोरही सांगेल, म्हणजे बघा.

त्या दिवशी खिंड बंद झाली, तुमची गाडी अडकली आणि तुम्ही माझं दार ठोठावलंत. मी तुमचा हात दोन्ही हातांत घेतला. आईने फटके देऊन लावलेली सवय: अनोळखी माणूस आला की त्याचा हात दोन्ही हातांत धरायचा आणि उजवा अंगठा हळूच दाबून बघायचा. हाड लागलं तर पाहुणा. नाही लागलं तर किदिर, पाहुण्याच्या वेशात दारोदार फिरून मागेल ते देणारा संत. आणि किदिर हाती लागला तर मागितलेलं कबूल करेपर्यंत त्याला सोडायचं नाही. जन्मभर मी अंगठे दाबत आले. लस टोचायला आलेल्या डॉक्टरचा दाबला, मतं मागायला आलेल्यांचे दाबले. सगळ्यांना मेली हाडंच हाडं. आणि तुमचा अंगठा माझ्या बोटांखाली कणकेसारखा दबला.

"अगं, बूट तरी काढू दे," तुम्ही म्हणालात. मी सोडलं नाही. म्हटलं, "माझा एर्मेक घरी येऊ दे." तेव्हा तुमचं हसू थांबलं. तुम्ही दोन्ही तळवे वर केलेत आणि म्हणालात, "वसंत सरायच्या आत तुझा मुलगा या उंबऱ्यावर उभा राहो. ओमीन." थट्टेत कुणी असं बोलत नाही. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते.

माझी आजी सांगायची, आमच्याच खोऱ्यातल्या एका विधवेने किदिरचा अंगठा धरून दुभती गाय मागितली. किदिर म्हणाला, नीट विचार कर. ती म्हणाली, केला. सकाळी दार उघडते तर गाय उभी, कास भरलेली. आजी इथेच थांबायची आणि आम्हाला झोपा म्हणायची.

मी काही गायबिय मागितली नाही. एकुलता एक मुलगा, पाच वर्षांपूर्वी रशियात सुरगुतला कामाला गेला. दोनदा पैसे आले, पत्र एकही नाही. फोनचा नंबरही बदलला. जिवंत आहे एवढंच इकडून तिकडून कळतं. मला तेवढ्यावर झोप लागत नाही हो.

एवढंच विचारायचं होतं, मेंढी आत्ताच कापू की तो आल्यावर?

तुमची बहीण,
उमसुनाय


तोकमोक, ३० डिसेंबर

उमसुनाय बहिणी,

मोजे मिळाले. मेंढी कापू नकोस. बिचारीने काय घोडं मारलंय तुझं?

अगं वेडाबाई, मी कसला किदिर! चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला म्हातारा आहे मी. एकदा दोन डबे जोडताना अंगठा मधे सापडला. डॉक्टरने हाडाचे तुकडे चिमट्याने वेचून काढले आणि उरलेलं कातडं शिवून टाकलं. माझी बायको, देव तिचं भलं करो, मरेपर्यंत लोकांना सांगायची, "किदिरशी लग्न लागलं हो माझं, पण मागते ते एकही मिळत नाही." आणि मला सांग, किदिर तीन दिवस तुझ्या घरी असा घोरत पडला असता? मटणाला तिसऱ्यांदा ताट पुढे केलं असतं?

आशीर्वाद दिला तो एवढ्याचसाठी, की तू हात सोडत नव्हतीस. माझा थोरला त्याच खाणीत गेला, हे तुला तेव्हा सांगितलं नाही. मुलासाठी आईचे हात कसे धरतात ते मी माझ्या घरात पाहिलंय. मला ते बघवलं नाही, म्हणून तळवे वर केले. म्हाताऱ्याकडे दुसरं असतं काय?

आणि तुझी आजी चलाख होती. गोष्ट अर्धीच सांगायची. माझी आई पुढची सांगायची. त्याच सकाळी डोंगरापलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्या एका बाईने गोठा उघडला तर दावण रिकामी. तिची पोरं दुधाशिवाय रडत बसली. किदिरकडे कुठला आलाय कळप? त्याच्या खांद्यावर रिकामी झोळी. तो एका दारातून उचलतो आणि दुसऱ्या दारात ठेवतो. आणि ती गाय म्हणे जन्मभर संध्याकाळी डोंगराकडे तोंड करून हंबरायची. आई हे सांगायची आणि मग आम्ही कुणी काही मागायचोच नाही. तेवढ्यासाठीच सांगत असेल म्हणा, आम्ही सात भावंडं होतो.

माझ्या बहिणीचा मुलगा, जोल्दोश, सुरगुतमध्ये ट्रक चालवतो. तुझ्या एर्मेकचा एखादा फोटो पाठव. चौकशी करायला सांगतो. पण हे माणसाचं काम आहे, किदिरचं नाही, हे डोक्यात पक्कं ठेव.

ओस्मोन


काराजार, १९ जानेवारी २००७

ओस्मोन आके,

किदिर कधी "हो, मीच तो" म्हणतो का? तो नाहीच म्हणतो. खाण, डबे, चिमटा, चांगली गोष्ट रचलीत. चालू द्या. तुमच्या थोरल्याचं मात्र वाचलं आणि पत्र बाजूला ठेवलं. त्याच्यासाठी मी शुक्रवारी तेलात पोळ्या तळल्या आणि प्रार्थना म्हटली. शेजाऱ्यांत वाटल्या.

गायीची पुढची गोष्ट मी ऐकलेली नव्हती. आमच्याकडे लोक गरीब, आम्ही गाय मिळेपर्यंतच सांगतो. पण आके, मी दुसऱ्या कुणाचं मागितलंय कुठे? माझंच माझ्या दारात मागते आहे. नऊ महिने पोटात वाढवलेलं मागायला कुणाची परवानगी लागते?

फोटो पाठवते. सैन्यातून परत आला तेव्हाचा आहे. कान बापाचे आहेत, लांबूनही ओळखू येतील. केस कधी विंचरायचा नाही, मी कंगवा घेऊन मागे धावायची. जोल्दोशला सांगा, केस पिंजारलेला दिसेल तोच माझा.

उमसुनाय


तोकमोक, २२ फेब्रुवारी

उमसुनाय बहिणी,

जोल्दोशला तो भेटला. धडधाकट आहे. घरं बांधायच्या कामावर आहे, दारू पीत नाही.

एक गोष्ट विचारायची आहे. त्याचे कागद धड नाहीत. मुदत संपून किती काळ झाला देव जाणे. असा माणूस एकदा सीमा ओलांडून बाहेर पडला की पासपोर्टवर शिक्का बसतो आणि पाच वर्षं परत आत घेत नाहीत. तो आला तर तिकडचं सगळं तुटणार. मागे बरंच काही राहील. तुला अजूनही तेच हवंय का? हो की नाही, एवढंच कळव. तुझं उत्तर येईपर्यंत मी जोल्दोशला काही सांगत नाही.

खोदून विचारू नकोस.

ओस्मोन


काराजार, ३ मार्च

आके!

हो! हो! शंभर वेळा हो!

ही काय विचारायची गोष्ट झाली? पाच वर्षं परत जाता येणार नाही म्हणता? अहो, हे तर मी मागितलंही नव्हतं, तुम्ही वर जास्तीचं देताय! दहा वर्षांचा शिक्का मारा म्हणावं त्यांना. काम तुटेल तर तुटू दे. मागे राहील ते राहू दे. पलंग राहील, कढया राहतील, उरलेला पगार राहील. मला माझा मुलगा हवा.

जोल्दोशला सांगा, लवकर.

उमसुनाय


काराजार, ९ एप्रिल

ओस्मोन आके, सलाम.

तो आला. नवरोझच्या सणानंतर पाचव्या दिवशी बेरदीच्या टॅक्सीतून उतरला. वसंत सरायच्या आत. तुमच्या तोंडून निघालं होतं तस्संच. मेंढी कापली, तुमचं काही ऐकलं नाही. सगळं गाव जेवलं. तुमचा वाटा म्हणून मानाचं हाड बाजूला काढलं होतं, ते शेवटी बाक्तीच्या सासऱ्याने खाल्लं.

आता जे लिहिते ते तुम्हालाच लिहिते.

मी अंगणात घोडीला पाणी पाजत होते. तो फाटकातून आत आला, मला बघितलं आणि थबकला. मी धावत गेले तर म्हणाला, "आई, तू उठलीस?" म्हटलं, "उठू नको तर काय झोपून राहू? दुपार झाली!" तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला. मग भिंतीला टेकून खाली बसला, तिथेच चिखलात. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

आके, तो बोलत नाही. लाकडं फोडतो, छप्पर दुरुस्त केलं, गोठा सारवला. जेवायला बोलावलं तर येतो, "पुरे" म्हणतो आणि उठतो. संध्याकाळी अंगणात जाऊन खिंडीकडे तोंड करून बसतो. मी हाका मारते, त्याला ऐकूही जात नाही. मला तुमची ती गाय आठवली. मग मी स्वतःच्याच तोंडात मारून घेतली, असलं अभद्र मनात आणते म्हणून.

परवा बाक्तीची नात आमच्याकडे आली, चार-पाच वर्षांची असेल, केस सगळे सुटलेले. एर्मेकने काही न बोलता तिला पुढ्यात बसवलं आणि वेणी घालायला घेतली. मधोमध सरळ भांग पाडला. एका बाजूचे केस दातांत धरले, दुसऱ्या बाजूची वेणी घातली, मग ही घातली. कानांवर सैल सोडल्या, टोचू नयेत म्हणून. पोरगी हलली तर गुडघ्यांनी हळूच धरून ठेवलं. मी पीठ मळत होते, माझे हात तिथेच थांबले. ज्याच्या मागे मी कंगवा घेऊन धावायची तो हा! म्हटलं, "हे कुठे शिकलास रे?" त्याने रिबिनीची गाठ मारली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठून बाहेर गेला.

तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा. तुम्ही म्हणालात, खोदून विचारू नकोस. मी विचारते आहे.

उमसुनाय


तोकमोक, २० एप्रिल

उमसुनाय,

मला वाटलं होतं तो सांगेल. सांगत नाही म्हणजे तुला वाचवतोय. मग मलाच सांगायला हवं.

तिथे त्याचं घर आहे. बाई तातार आहे, रुफिया नाव, एका बेकरीत काम करते. त्यांना मुलगी आहे, आल्सू. चार वर्षांची. रुफिया पहाटे कामावर जाते, म्हणून पोरीला उठवणं, जेवू घालणं, वेणी घालणं हे एर्मेकचं काम होतं.

हे मला फेब्रुवारीतच कळलं होतं. मी तुला विचारलं, "मागे बरंच काही राहील," आणि काय राहील ते लिहिलं नाही. पोरीचं नाव लिहायला पेन टेकवलं होतं, पण वाटलं, लिहिलं तर तू नाही म्हणशील आणि तुझा हात रिकामा राहील. तो हात मला अजून जाणवत होता.

आणखी एक. तो सहज निघणार नव्हताच. मी जोल्दोशकडून निरोप पाठवला की आई अंथरुणाला खिळली आहे, तोंड बघायचं तर आत्ताच ये. म्हणून तो शिक्क्याची पर्वा न करता निघाला. पोरीला म्हणाला, "आजीला बघून लगेच येतो."

माझी आई सांगायची ती गोष्ट मला पाठ होती बहिणी. तुला मीच तर सांगितली. आणि तरी मी दुसऱ्याचा गोठा उघडला.

ओस्मोन


काराजार, २७ मे

ओस्मोन आके,

महिनाभर तुम्हाला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुमचं पत्र चुलीत घातलं. मग त्याच चुलीवर चहा केला आणि तो कडू लागला, जरी त्यात काही पडलं नव्हतं.

तुम्ही कोण हो माझा हात रिकामा राहील याची काळजी करणारे? मला विचारलंत, पण कशाबद्दल ते सांगितलंच नाहीत. डोळे बांधून मला सही करायला लावलीत. मी लिहिलं, "पलंग राहील, कढया राहतील." ते वाचताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? मी माझ्या नातीला कढई म्हटलं आके, आणि तुम्ही ते वाचून जोल्दोशला फोन केलात!

पण तुम्हाला किती बोलू? रशियात गेल्यावर वर्षभराने त्याने फोनवर विचारलं होतं, "आई, परकी सून चालेल का?" मी म्हणाले होते, "मी मेल्यावर आण." त्यानंतर त्याचा फोन आला नाही. का आला नाही हे मला चार वर्षं कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं कोण जाणे. आणि मग त्याला निरोप गेला की आई मरते आहे.

मी एर्मेकसमोर जाऊन बसले. म्हटलं, आल्सूबद्दल सांग. मग जो बोलायला लागला तो थांबेचना. तिला दुधावरची साय आवडत नाही. लिफ्टला घाबरते. झोपताना त्याचा कान धरते. आके, तो बोलत होता आणि हसत होता, आणि आल्यापासून पहिल्यांदा तो मला माझा मुलगा दिसला.

आम्ही दुकानातून सुरगुतला फोन लावला. गावाला ऐकायचं तर ऐकू दे. पोरीने पहिलंच विचारलं, "आजी बरी झाली का?" तो म्हणाला, "झाली." ती म्हणाली, "मग ये." दुकानात दहा माणसं होती, एकही हललं नाही. बेरदीसुद्धा टोपी हातात घेऊन उभा राहिला.

सीमेवर त्याने चौकशी केली. शिक्का म्हणजे शिक्का. पाच वर्षं. तोवर ती नऊ वर्षांची होईल. रुफियाला इकडे येता येत नाही, तिची आई खरोखरच अंथरुणाला खिळलेली आहे.

मग मी विचार केला. किदिर एका दारातून उचलून दुसऱ्या दारात ठेवतो ना? तर आता माझ्या दारातून काहीतरी उचलू दे. माझ्या पासपोर्टवर कसलाही शिक्का नाही. घोडी विकली. मी सुरगुतला जाते आहे. रुफिया पहाटे कामावर जाईल तेव्हा पोरीपाशी कुणीतरी हवं.

एर्मेक मला वेण्या शिकवतो आहे. बाक्तीची नात कंटाळली, आता दोरीच्या तीन पेडांवर शिकते. कानांवर सैल सोडायच्या. माझी बोटं जाड झाली आहेत, पण जमेल.

मुलगा घरी यावा एवढंच मागितलं होतं. तो घरी असेल. मी नसेन.

उमसुनाय


तोकमोक, ५ जून

बहिणी,

मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण हे घे. जोल्दोश स्टेशनवर येईल. उंच आहे, डाव्या गालावर तीळ. त्याने रुफियाला सगळं सांगितलं आहे, माझ्या खोटेपणासकट. ती त्याला म्हणाली, "म्हातारीला यायचं तर येऊ दे, पण दार मी हसून उघडणार नाही." एवढं पुष्कळ आहे.

मी तुझ्या गाडीपाशी आलो असतो, पण माझं तोंड तुला प्रवासाच्या दिवशी दिसू नये. एर्मेककडे महिन्यातून एकदा जाईन. त्याने हाकललं तरी बाहेर बसेन आणि परत येईन.

ओस्मोन


सुरगुत, १ जुलै

ओस्मोन आके,

पोहोचले. तुमच्यावरचा राग गेला नाही, पण तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवतही नाही, काय करू?

रुफियाने खरंच हसून दार उघडलं नाही. पण चहा दिला, ब्रेड दिला आणि माझे सुजलेले पाय बघून गरम पाण्याचं घमेलं आणून ठेवलं. चांगली पोरगी आहे. माझ्या डोळ्यांत न बघता सगळं करते. मी तिला म्हटलं, "फोनवर मी जे बोलले होते ते वाईट होतं." ती म्हणाली, "माहीत आहे." आणि पीठ चाळायला लागली.

आल्सू पडद्यामागे लपली होती. कान आमच्याच घरातले आहेत आके, लांबूनही ओळखू येतील. बराच वेळ मला बघत होती. मग बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. मी दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला, इवल्या हातांत मावेना, तरी घट्ट धरला. मला रडायलाच आलं होतं, म्हटलं, बघा, आजीला ओळखलं पोरीने. मग मला तिची बोटं जाणवली. ती माझा उजवा अंगठा दाबत होती. एकदा दाबला. तोंड एवढंसं केलं, पुन्हा दाबला, जरा जोरात, मुळापाशी.

रुफिया म्हणाली, "बाबा गेल्यापासून घरी येईल त्याचा दाबते. पोस्टमनचाही दाबला. त्यानेच शिकवलंय तिला तुमच्याकडचं ते."

आल्सूने माझ्याकडे बघितलं आणि आईला सांगितलं, "हिलाही हाड आहे." आणि हात सोडून दिला.

आता रोज सकाळी वेण्या घालते. बसते माझ्या पुढ्यात, हलत नाही, बोलत नाही. काल म्हणाली, बाबा जास्त सैल सोडतो. मी उलगडून पुन्हा घातल्या.

एर्मेककडे जाल तेव्हा त्याला सांगा, ती साय बाजूला काढूनच दूध पिते. आणि आके, तुम्ही इकडे कधी येऊ नका. जोल्दोशला भेटायलाही नको. तुमचा हात तिच्या हातात पडला तर ती सोडणार नाही, आणि मग तुम्ही तिला काय सांगाल?

उमसुनाय